प्रिय सुमे, गाड्यांची मॅट अशी विणायची

प्रिय सुमे,

धाकट्याला खेळण्यातल्या गाड्या फिरवायला मी क्रोशाने विणलेल्या मॅटचा फोटो बघून "मलाही शिकव" म्हणालीस तेव्हापासून तुला सगळं नीट सांगायचंय, पण फोनवर आपलं बोलणं कुठे पुरं होतंय, तिकडे तुझी जुळी गाडीवरून भांडतात आणि इकडे धाकटा माझ्या हातातून फोन ओढतो. म्हणून आज दुपारी तो झोपलाय तोवर लिहूनच काढते, लांबलचक होईल, चहा घेऊन वाच.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, विणकाम नंतर. मॅटवरचा रस्ता मुलांच्या ओळखीचा हवा. बाजारात छापील मॅट मिळतात, रंगीत असतात, पण त्यावरचं गाव कुठलंच नसतं, कुठेतरी हेलिपॅड, कुठेतरी घोड्यांचं फार्म, आणि कितीतरी मॅटवर बाण बघितलेस तर गाड्या उजव्या बाजूने चाललेल्या असतात. मूल त्यावर दोन दिवस गाड्या फिरवतं आणि मग मॅट सोफ्याखाली जाते. मी धाकट्यासाठी आमचा ठाण्यातला रोजचा रस्ता विणला, मानपाड्यापासून नौपाड्यात आजीकडे जायचा. घोडबंदर रोड, कापूरबावडी, माजिवडा, मग हायवेने कॅडबरी, नितीन, तीन हात नाका, आणि पुढे गोखले रोडवरून आत. सगळं प्रमाणात नाही, ते शक्यच नाही, पण क्रम बरोबर आहे, आणि मुलाला तेवढंच लागतं. आता तो मॅटवर गाडी काढतो तेव्हा तोंडाने सगळे नाके म्हणतो, रिक्षात बसून मी म्हणते तसे, एकही चुकत नाही. मला ते ऐकत बसावंसं वाटतं गं.

आता माप. हे नीट वाच कारण इथेच सगळं ठरतं. मुलांकडे असतात त्या छोट्या धातूच्या गाड्या, हॉट व्हील्स नि मॅचबॉक्स, साधारण 1:64 मापाच्या म्हणतात, म्हणजे सात-साडेसात सेंमी लांब आणि तीन सेंमी रुंद. (मॅचबॉक्सची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या जॅक ओडेल नावाच्या माणसाच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला तेवढंसं बनवून दिलं, आणि 1953 मध्ये त्यातून अख्खी मालिका निघाली. हॉट व्हील्स नंतरची, 1968 ची.) तर तीन सेंमीच्या गाडीला एक लेन पाच सेंमी दे, दोन्ही बाजू मिळून दहा. याहून अरुंद केलास तर समोरासमोर गाड्या अडतात आणि मग भांडण, तुझ्याकडे तर दोघं आहेत. तुझ्या पोरांकडे ती मोठी लाल बस आहे ना, तिच्यासाठी एक रस्ता चौदा-पंधरा सेंमीचा ठेव.

टाका एकच वापरायचा, मुका खांब, म्हणजे क्रोशातला बुटका, घट्ट टाका. लांब खांबाने काम भराभर होतं हे खरं, पण खांबांच्या मधे फटी राहतात आणि छोटी चाकं त्या फटीत बसतात, गाडी ढकलली की नाक खाली घालून थांबते. मुका खांब घट्ट बसतो, पृष्ठभाग सपाट येतो, गाडी सुळकन जाते. यूट्यूबवर बघून करणार असशील तर व्हिडिओवाली अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघ, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात. सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घे. मध्यम जाडीच्या लोकरीला लोक चार मिमीची घेतात, मी साडेतीनची घेतली. माझ्या हाताने दहा सेंमीत 17 टाके बसतात. तुझा हात सैल आहे, तुझे कमी बसतील, म्हणून आधी तळहाताएवढा तुकडा विणून पट्टीने मोज. एकूण टाके विषम आले पाहिजेत, म्हणजे बरोबर मधला एक टाका दुभाजकाच्या पांढऱ्या रेघेला मिळतो, माझे आठ इकडे, आठ तिकडे आणि मधला एक.

काळी लोकर घेऊ नकोस. दुकानात गेलं की हात तिकडेच जातो, रस्ता म्हणजे काळा, पण रात्री मुलं झोपल्यावर ट्यूबलाइटखाली काळे टाके दिसत नाहीत, बोटाने चाचपत विणावं लागतं. गडद राखाडी घे. खरा डांबरी रस्ताही जुना झाला की राखाडीच होतो, आणि पांढरी रेघ त्यावर जास्त उठून दिसते. मी जांभळी नाक्याच्या बाजारातून वर्धमानची अॅक्रेलिक आणली. सुती दोरा जास्त छान पडतो, जड असतो, जमिनीला धरून राहतो, पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे तो वाळणार कधी? मुलांच्या वस्तूवर दूध सांडणारच, मशीनमध्ये टाकता आली पाहिजे आणि पंख्याखाली एका रात्रीत सुकली पाहिजे. फक्त केसाळ, मऊमऊ लोकर घेऊ नकोस, ती हाताला कितीही गोड लागली तरी. तिचे तंतू गाडीच्या आसाला गुंडाळले जातात, चाक फिरायचं बंद होतं, मग टाचणीने एकेक तंतू ओढून काढत बसावं लागतं.

रस्त्याच्या पट्ट्या वेगळ्या, मधले हिरवे तुकडे वेगळे, आणि शेवटी उलट बाजूने सुईदोऱ्याने कडेला कड जोडायची. हिरव्या चादरीवर रस्ते शिवून टाकणं सोपं वाटतं, पण मग रस्त्याच्या कडेला पायरी तयार होते आणि गाडी चढता-उतरता उलटते. सगळं एकाच जाडीचं, एकाच सुईचं, एकाच टाक्याचं ठेव म्हणजे जोड हाताला लागणारही नाही. पट्टी विणताना दर थोड्या ओळींनी टाके मोज, कडेचा टाका नकळत सुटतो आणि रस्ता निमुळता होत जातो.

झेब्रा क्रॉसिंगला रंग बदलताना राखाडीचा शेवटचा टाका अर्धा करून थांब, सुईवर दोन फासे असतील, तिथे पांढरा धागा ओढून घे, म्हणजे पुढचा टाका स्वच्छ पांढरा येतो. पट्टे गाडीच्या दिशेत येतात हे लक्षात ठेव. मधली तुटक रेघ नंतर वरून घालायची, धागा मॅटच्या खाली धरायचा, सुई वरून खाली घालून साखळी ओढायची, तीन टाके रेघ, तीन रिकामे. फार ताणू नकोस, मॅट गोळा होते.

चौकातलं सर्कल मला सगळ्यात जास्त आवडलं करायला. जादूई फाशात, म्हणजे धागा ओढला की मिटणाऱ्या सुरुवातीच्या गोल फाशात, 6 टाके, मग 12, 18, 24, असे दर फेरीला 6 वाढवत जायचं. सहाच्या वर गेलीस की कडेला झालरीसारख्या लाटा येतात, सहाहून कमी केलेस की मधे खड्डा पडतो. आणि वाढवायची जागा दर फेरीत थोडी पुढे सरकव, नाहीतर गोल न होता षटकोन दिसायला लागतो.

तळावपाळी, म्हणजे ठाण्यातलं तळं, तर हवीच होती. ती आमच्या वाटेवर नाही, पण धाकट्याने हट्टच धरला, आजीकडे गेलं की संध्याकाळी तिथेच जायचं असतं ना. निळी, लांबट. लांबट आकाराला मधे साखळी घालून तिच्या दोन्ही टोकांना टाके वाढवायचे, बाजूने सरळ जायचं. मधे महादेवाचं छोटं देऊळ पांढऱ्या लोकरीने सपाटच काढलंय, वर उभं केलं नाही, कारण हात फिरतात, उपटलं जातं. थोरलीने काठावर गडकरी रंगायतनसाठी एक तपकिरी चौकोन मागून घेतला. ती आता इतिहास वाचते, तिने स्टेशनजवळ रूळही काढायला लावले, म्हणाली पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्यालाच आली आणि तू स्टेशन गाळणार? रुळाच्या कडेला तिने स्वतः भरतकामाच्या सुईने 1853 भरलंय, पाच जरा कललाय पण मी उसवू दिला नाही.

स्पीडब्रेकरची युक्ती सांगते. रस्ता विणता विणता चार ओळी जास्त विणायच्या, मग दुमडून पाचव्या ओळीचे टाके खालच्या ओळीतूनही घ्यायचे, एक छान फुगीर वळी तयार होते. गाडी तिथे आली की धाकटा स्वतःच हळू होतो, "धडाम" म्हणतो आणि पुढे जातो. आणि फ्लायओव्हर! तीन हात नाक्याला फ्लायओव्हर नसेल तर तो तीन हात नाका कसला. एक लांब पिशवीसारखी पट्टी विणलीय, दोन्ही टोकं उघडी, आत जुन्या प्लास्टिक फाइलचं पुठ्ठ्याएवढं जाड कव्हर कापून सरकवलंय. दोन्ही टोकं मॅटला टाचली की कमान उभी राहते आणि खालून गाडी जाते. धुताना प्लास्टिक बाहेर काढायचं.

तुझी जुळी अजून तीनची नाहीत, म्हणून बटणं, मणी, सुटे डोळे काही लावू नकोस, सिग्नलचे लाल-पिवळे-हिरवे ठिपके फ्रेंच नॉटने, म्हणजे सुईला धागा गुंडाळून घातलेल्या गाठीने, घाल. छोट्या गाड्याही त्यांच्या हातात तू समोर असतानाच दे, बऱ्याच पाकिटांवर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं ते उगीच नाही. मॅटला गुंडाळून बांधायला लांब नाडीही नको, गळ्यात अडकते, शिवून टाकलेला छोटा पट्टा पुरतो. आणि धाग्यांची टोकं वीतभर ठेवून आधी एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवून टाक, एकाच दिशेला ओवलेलं पोरं ओढून काढतात.

सगळं जोडून झालं की मॅट वेडीवाकडी दिसेल, घाबरू नकोस. पाणी शिंपडून ओली कर, मुलांच्या फोमच्या तुकड्यांवर टाचण्यांनी ताणून लाव आणि पंखा लावून ठेव. इस्त्री अजिबात टेकवू नकोस, अॅक्रेलिकला उष्णता लागली की लोकर लिबलिबीत होते ती कायमची. खाली मी आईची जुनी सुती साडी लावली, गोधडीला घालतो तसा धावदोरा घालून, आणि टाइल्सवर सरकू नये म्हणून त्याखाली रबराची जाळी नुसती अंथरते, शिवत नाही.

सुमे, मी हे सगळं एवढं का लिहितेय ते सांगते. परवा संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तो मॅटवर एकटाच होता. त्याने गाडी झेब्रा क्रॉसिंगच्या आधी थांबवली, तिथे कुणीच नव्हतं, मग त्याने दुसऱ्या हाताची दोन बोटं पट्ट्यांवरून हळूहळू चालवत नेली, आणि गाडीवाल्याच्या आवाजात म्हणाला, "आजी, आधी तुम्ही जा." बोटं पलीकडे पोचेपर्यंत गाडी हलली नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला गोखले रोड ओलांडताना किती वेळ लागतो ते त्याने बघितलंय, आणि त्याला त्याच्या गावात ती गाडी थांबवायची होती. छापील मॅटवर हे झालं नसतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

तुझ्याकडे तर काय सुंदर मॅट होईल! नेरुळमध्ये राहतेस, पाम बीच रोड वाशीपासून बेलापूरपर्यंत, तीच तुझी मोठी पट्टी, बससाठी रुंद केलेली. एका बाजूला खाडी, निळा नको घेऊस, मातकट हिरवा घे, आणि खारफुटीसाठी गडद हिरव्याच्या ओळी. तळ्याच्या जागी गुलाबी फ्लेमिंगो वरून साखळीने भरता येतील, मुलं दर वर्षी बघतात ना ते. आणि सिडकोने 1970 नंतर सगळं सेक्टरमध्येच आखलंय, ते तर तुझ्या सोयीचंच, एकेक सेक्टर सुटा चौकोन विण, मुलं मोठी झाली की आणखी सेक्टर जोडत जा. आधी तुमची सोसायटी, बालवाडी आणि ती कोपऱ्यावरची वडापावची गाडी यांचा कागदावर नकाशा काढ, पोरांना विचारून काढ, त्यांना काय महत्त्वाचं वाटतं ते आपल्याला सुचतही नाही. माझ्या धाकट्याला आमच्या गेटवरचा कुत्रा हवा होता, तो एका तपकिरी टाक्याच्या गाठीचा आहे आणि रोज त्याला कोणी ना कोणी हॉर्न देतं.

रविवारी ये मग. ट्रान्स-हार्बर लोकल थेट ठाण्यालाच येते, मुलांनाही आण. येताना साडेतीनची सुई आण, राखाडीचे गुंडे जास्तच घे आणि सगळे एकाच लॉट नंबरचे बघून घे, नंतर आणलेल्याची छटा जुळत नाही. हिरवा माझ्याकडे भरपूर उरलाय, तो विकत घेऊ नकोस. रस्त्याची पहिली पट्टी आपण इथेच बसून सुरू करू.

तुझीच,
मनू