धक्क्यावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

बेटावरच्या मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या छोट्या बंदरात, आमची शिडाची बोट लावताना ज्यांनी हात दिला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

वारा धक्क्याकडून समुद्राकडे वाहत होता. शिडं उतरवलेली, धक्का लागू नये म्हणून बाजूला लावायच्या हवेच्या उशा, म्हणजे फेंडर, बाहेर सोडलेले, इंजिन मंद; तरी जवळ आलं की बोट पुन्हा बाहेर ढकलली जायची. शेजारच्या बोटीवरून दोघं धावत आले. त्यांनी नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोर मुळीच ओढला नाही. तो आधी ओढला की मागची बाजू बाहेर फिरते, हे जाणणारी माणसं ती! एकाने बोटीच्या मधला दोर घेतला, धक्क्यावरच्या मागच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, झटक्यात वेढा दिला आणि शांतपणे म्हणाला, "आता हळूच पुढे घ्या, सुकाणूचं चक्र बाहेरच्या बाजूला फिरवा." दोर ताणला गेला आणि बोट अलगद धक्क्याला टेकली. इतका नेमका आणि इतका निगर्वी हात क्वचितच भेटतो.

पाण्याच्या नळाशी भेटलेल्या ताईंचे तर विशेष आभार. पलीकडच्या पुळणीवर खडकांवरून जायचं म्हटल्यावर त्यांनी आधी ओहोटीची वेळ विचारली. भरती साधारण सहा तास चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने वाढतं आणि वाट तेव्हाच बुडते, हे त्यांनी मुलांनाही कळेल असं सांगितलं. आम्ही वेळेत परतलो, मनसोक्त भटकून.

आमच्या गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. पुन्हा त्याच धक्क्यावर भेट झाली, तर तुमचे दोर धरायला आम्ही उभे असू.