‘नटसम्राट’ सध्या नको

ती. बाबा, ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर परत येण्याचा विषय काढला की आई “जेवलीस का?” विचारते आणि तो तिथेच राहतो, म्हणून लिहितेय. इथला नोकरीचा करार वाढवून घेतला. सहीसुद्धा झाली. आत्ता सोडलं तर पुण्यात परत खालच्या पायरीपासून सुरुवात, वर घराचे हप्ते, आणि या वयात तुमच्यापुढे हात पसरणं मला जमणार नाही. तुम्ही नाही म्हणणार नाही, तीच तर भीती.

नव्या टीव्हीवर सिनेमे लावून द्यायला खालच्या दादाला सांगितलंय. रिमोटचं एकच बटण दाबायचं. बाबा, ‘नटसम्राट’ मुद्दाम वगळलाय. नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर येतात तेवढं सोनं. बाकी वेळ सिनेमा आपल्याला रडवायचंच असं ठरवून बसलेला. तुमच्या बीपीला तो परवडत नाही. ‘बागबान’ही नको. पोटचे चारही मुलगे नालायक आणि मानलेला सलमान खान तेवढा देवमाणूस! रोज फोन करणारी, इथे बसून तुमच्या गोळ्या मागवणारी मुलं त्या सिनेमात कुठेच नाहीत. (हे मी अंगाला लावून घेतेय, असं आई म्हणेल. घेतेय.)

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहा. २००९ चा, परेश मोकाशींचा, दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला सिनेमा कसा काढला त्यावरचा. घरातलं सामान विकलं जातंय आणि आपण हसतोय. कुठे गळा काढणं नाही, पुतळा उभारणं नाही. नंदू माधव तर फाळके वाटतच नाहीत, आपल्या वाड्यातले कोणी उद्योगी काका वाटतात. तेही १९१२ साली घरदार मागे ठेवून लंडनला गेलेच होते की. “पण ते परत आले,” असं बाबा म्हणतील, ठाऊक आहे. मीही येणार आहे.

आणि सिनेमे पाहून पाहून फाळक्यांचे डोळे बिघडले होते, तेव्हा बाबा, ऑपरेशननंतरचे थेंब चुकवायचे नाहीत. दिवा लावूनच टीव्ही.

आई, ‘बाईपण भारी देवा’ तुला आवडला म्हणून ठेवलाय. सहा बहिणींची आयुष्यभराची दुखणी एका मंगळागौरीत बरी होतात, हे मला पटलं नाही, पण वंदना गुप्तेंसाठी सगळं माफ. ‘सैराट’ अर्धवट सोडून उठलीस. गाणी संपून हैदराबादची झोपडी येते, तिथून खरा सिनेमा सुरू होतो. शेवट मात्र रात्री पाहू नकोस, झोप लागणार नाही.

‘बनवाबनवी’बद्दल मत मागू नका. तापात पडले की बाबा तो लावायचे, आई मऊ भात भरवायची. त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

कामाला येणाऱ्या मावशींना रात्री थांबायला सांगितलंय, पैशांचं मी पाहते. त्यांना परत पाठवायचं नाही. आणि बाबा, माळ्यावर चढायचं नाही म्हणजे नाही.

तुमची,
चिंगी