११२ शोधायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना मी नुसतं 'थँक्यू ताई' म्हणालो. तेवढ्याने माझं मन भरलं नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते वेबवरची दुकानं आणि बिलिंग यांचा कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना उपयोगी पडेल.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. पाकीटबंद चिवडा-फरसाण १२ टक्क्यांवरून ५ वर आलं आणि आमच्या फराळवाल्या ग्राहकाची दिवाळी महिन्यावर आली होती. मी कार्टच्या क्लासमध्ये, म्हणजे खरेदीच्या टोपलीचा हिशेब करणाऱ्या कोडच्या भागात, दर बदलला. कार्ट बरोबर दाखवू लागलं, बिलाच्या पीडीएफवर मात्र जुनाच कर. कर काढणारी तीच मेथड, म्हणजे कोडचा तो तुकडा, मी पूर्वी घाईत बिलाच्या क्लासमध्ये कॉपी-पेस्ट केली होती. पीएचपीसीपीडी हे कॉपी झालेला कोड शोधणारं टूल चालवलं, त्याने या दोन्ही प्रती पकडल्या. मला वाटलं, काम झालं.

तुम्ही माझी स्क्रीन बघत होतात. म्हणालात, "आता अख्ख्या प्रोजेक्टमध्ये ११२ शोध."

मी १.१२ शोधून बसलो होतो, कारण कार्ट आणि बिल दोन्हीकडे करासकट किमतीला १.१२ ने भागलं होतं. ११२ सापडलं ते परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट काढणाऱ्या क्लासमध्ये: रक्कम गुणिले १२, भागिले ११२. गणित तेच, १,१२० रुपयांत १२० कर. फक्त लिहायची पद्धत वेगळी, आणि तीही एकाच ओळीत. पीएचपीसीपीडी मुळात किमान ५ ओळी आणि ७० टोकन (कोडमधले सुटे शब्द-चिन्हं) जुळले तरच बोट दाखवतं, त्याला हे दिसणार कसं? तुम्हाला दिसलं, कारण तुम्ही ओळी नाही, नियम शोधत होतात.

मी लगेच ११२ चं १०५ करायला गेलो, तर तुम्ही थांबवलंत. "ऑगस्टमध्ये विकलेला माल आज परत आला तर?" मूळ बिल १२ टक्क्यांचं, म्हणजे क्रेडिट नोटही १२ चीच. या एका प्रश्नाने माझी पुढची मोठी चूक वाचली. आता कर काढणारा एकच क्लास आहे. तो मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड आणि मूळ बिलाची तारीख मागतो, तिन्ही ठिकाणं त्यालाच विचारतात. मला हे सगळं एका बेस क्लासमध्ये टाकून बाकीच्यांना त्याचा वारसा द्यायचा होता, म्हणजे त्याचा कोड त्यांना आपोआप मिळाला असता. तुम्ही म्हणालात, "बिल हा कार्टचा प्रकार आहे का?" नाही. मग वारसा कसला!

आणि कोडला हात लावण्याआधी त्याची उत्तरं तपासणाऱ्या टेस्ट लिहायला लावल्यात, त्याचे आभार वेगळे मानतो. करासकट ९९ रुपयांची तीन वेगळी पाकिटं, कर ५ टक्के. कार्ट प्रत्येक ओळीवर पूर्णांकन करून १४.१३ सांगायचं, क्रेडिट नोट एकूण रकमेवर १४.१४. एका पैशाचा फरक. दोन्ही कोड एकत्र करताना यातलं कुठलं खरं धरायचं हे मी न विचारताच ठरवून टाकलं असतं. तुम्ही दुकानाच्या हिशेबनिसांना फोन करायला लावलात.

एक गोष्ट मात्र तेव्हा पटली नव्हती. टूलने ग्राहक नोंदणी आणि विक्रेता नोंदणीची तपासणीही डुप्लिकेट म्हणून दाखवली होती. नाव, मोबाइल, पिनकोड, ओळी जवळपास अक्षरशः सारख्या. तुम्ही म्हणालात, "राहू दे. आज सारख्या दिसतात, पण बदलायची कारणं वेगळी आहेत." मी मनातून नाराज होऊन तशाच ठेवल्या.

परवा विक्रेत्यांच्या फॉर्ममध्ये १५ अक्षरी जीएसटी क्रमांक सक्तीचा झाला. मी एकच फाइल उघडली, ग्राहकांच्या फॉर्मला हातही लावावा लागला नाही. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला हे कळवायचं.

तुमचा ऋणी,
त्या रात्री स्क्रीन शेअर करून बसलेला