सेट टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग कॉपी का करू देत नाहीत?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रस्ते, पाणी, सीमाप्रश्न यावर रोज पत्रं येतात, माझं टीव्हीबद्दल आहे म्हणून बाजूला टाकू नका. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रेकॉर्डिंगवाला बॉक्स ज्यांच्याकडं आहे त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे, फक्त बॉक्स बंद पडेपर्यंत तो कळत नाही.

आमच्या डीटीएच बॉक्सला बाहेरून हार्ड डिस्क जोडून रेकॉर्ड करता यायचं. डिस्क आम्हीच दुकानातून विकत घेतलेली. वडिलांना गाण्याचं वेड, त्यात कुमार गंधर्व म्हणजे आपल्या सुळेभावीत जन्मलेले, त्यामुळं त्यांच्या जन्मशताब्दीच्या वेळी टीव्हीवर जे काही लागलं ते वडिलांनी धरून ठेवलेलं, शिवाय कीर्तनं, नाटकं, आणि भाची एका कार्यक्रमात गायली होती ते पण. पावसाळ्यात लाईट खालीवर होऊन बॉक्स गेला. कंपनीनं नवीन बॉक्स दिला, त्याबद्दल तक्रार नाही, पण तीच डिस्क नव्या बॉक्सला लावली तर फॉरमॅट करा म्हणतो, कॉम्प्युटरला लावली तर तोही फॉरमॅट करा म्हणतो. फॉरमॅट केलं की सगळं साफ! कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, सिस्टीमच तशी आहे.

सिस्टीम अशी की बॉक्स कार्यक्रम साठवतानाच तो एनक्रिप्ट करतो, म्हणजे कुलूपबंद करतो, आणि उघडायची किल्ली त्या एकाच बॉक्सच्या चिपमध्ये असते. डिस्क धडधाकट असून उपयोग नाही. एचडीएमआय वायरीतून दुसऱ्या मशीनवर घ्यावं म्हटलं तर तिथं एचडीसीपी नावाचं संरक्षण आहे, पडदा काळा दिसतो.

आता कायद्याचं बघा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी योग्य मर्यादेत वापर करायची सवलत आहे. 2012 च्या दुरुस्तीत कलम 65अ आलं, कॉपी संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण तेही हक्क बुडवायच्या इराद्यानं तोडलं तर. म्हणजे वडिलांनी स्वतःच्या घरात बघायला एक कॉपी करणं हा गुन्हा आहे असं मला तरी त्यात कुठं दिसत नाही. पण कंपनीनं ती कॉपी करू दिलीच पाहिजे असंही कुठं लिहिलेलं नाही, आणि सगळी गोची इथंच आहे.

अमेरिकेत सोनीच्या बीटामॅक्स व्हीसीआरवरून स्टुडिओवाले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, 1984 साली पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टानं सांगितलं की घरी रेकॉर्ड करून नंतर बघणं हे कॉपीराइटचं उल्लंघन नाही. जपानमध्ये 2004 पासून डिजिटल टीव्हीच्या रेकॉर्डिंगची कॉपी काढता यायची नाही, फक्त एकदा दुसरीकडं हलवता यायचं, लोकांची ओरड झाली आणि 2008 पासून नऊ कॉप्या आणि दहाव्या वेळी मूळ रेकॉर्डिंग हलवायचं असा नियम आला. आम्ही नऊ मागत नाही हो, एक द्या!

लोक म्हणतात कशाला रेकॉर्डिंग, सगळं यूट्यूबवर असतंय की. नसतंय. भाचीचं गाणं नाही, गावातल्या गणपतीचं लोकल केबलवर दाखवलेलं तर अजिबात नाही, आणि ओटीटीवर आज आहे ते उद्या काढून टाकतात. त्यात आपल्याकडं कर्नाटकातल्या पॅकमध्ये कन्नड चॅनल पुढं, मराठी हवे तर बहुतेक वेळा वेगळे पैसे भरून घ्यायचे. पैसे भरून बघितलेलं जपून ठेवायचं म्हटलं की आम्ही चोर. रेकॉर्डिंग विकणाऱ्याला खुशाल धरा, त्याला कोण अडवतंय? दूरदर्शनच्या फ्री डिशचे साधे बॉक्स पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करतात, त्यातल्या बऱ्याच बॉक्सची फाइल कॉम्प्युटरवर सरळ चालते. त्यानं काही दूरदर्शन बुडालेलं नाही.

ट्राय म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिनं एप्रिल 2020 मध्ये शिफारस केली होती की सेट टॉप बॉक्स कंपनी बदलली तरी चालला पाहिजे. चांगलंच आहे, पण त्यात रेकॉर्डिंगचंही बघा ना. बॉक्स बिघडून बदलला तर जुनं रेकॉर्डिंग त्याच ग्राहकाच्या नव्या बॉक्सवर उघडून द्यावं, खातं तेच असताना अवघड काय आहे? आणि ते जमणार नसेल तर निदान बॉक्स विकताना खोक्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात छापा की रेकॉर्डिंग या बॉक्सपुरतंच आहे. आत्ता ते बारीक इंग्रजीत कुठंतरी अटींमध्ये असतं, ते कोण वाचतंय.

ज्यांचा बॉक्स अजून चालू आहे त्यांनी मागं पिवळी-लाल-पांढरी भोकं आहेत का बघा. त्यातून कॅप्चर स्टिक (टीव्हीचं चित्र-आवाज कॉम्प्युटरच्या यूएसबीत घेणारी छोटी पट्टी) लावून कॉम्प्युटरवर घेता येतं, काही बॉक्स तिथंही अडवतात पण बरेचसे सोडतात. चित्र एचडी येत नाही आणि दोन तासांच्या नाटकाला दोन तासच लागतात, तरी सवड काढून घ्या.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव