डोळ्याच्या फोटोरूममधून समीरला

कोल्हापूर,
रविवार

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, मला इमेजिंगला, म्हणजे डोळ्याच्या आतले फोटो काढायला टाकलंय, दिवसभर नुसतं बटण दाबायचं." तेव्हा काही बोलले नाही, कारण शेजारी बसून तुझे बाबा हसत होते. इतकी वर्षं मीही तेच बटण दाबतेय ना!

बटण दाबायचंच काम आहे, खरं. हल्लीचे कॅमेरे फोकससुद्धा स्वतःच धरतात. पण समोरच्या आजीला कॅमेऱ्याच्या आतला, नजर रोखायचा दिवा दिसतच नाहीये, हे कॅमेऱ्याला कळत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भागच खराब झालेला असला, तर "दिव्याकडे बघा" सांगून काय उपयोग? ती नजर इकडेतिकडे फिरवत राहते आणि नवखा पोरगा खेकसतो, "हलू नका!" अशा वेळी बाहेरचा दिवा तिच्या दुसऱ्या डोळ्यासमोर धर. तो थांबला की त्याच्या जोडीनं हाही थांबतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नसेल तर तिचाच अंगठा तिच्यासमोर धरायला लाव आणि तिकडे बघायला सांग. आपला हात कुठं आहे हे न दिसताही माणसाला कळतं.

आणि बोलत राहा. "आज्जी, हनुवटी टेका, कपाळ पट्टीला चिकटवा, दोनदा डोळं मिटा, आता मोठ्ठं उघडा की वाईच." ते दोनदा मिटणं लाडाचं नाही. डोळ्यावरचं पाणी सुकलं की फोटो धूसर येतो.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधी सोबत कोण आहे ते विचार. आमच्याकडे राधानगरी, गारगोटीकडून एस.टी.नं एकटीच आलेली माणसं असतात. बाहुली मोठी झाली की उन्हात डोळा उघडवत नाही, जवळचं धूसर दिसतं, सीबीएस स्टँडवर बसची पाटी वाचायला दुसऱ्याला विचारावं लागतं. मोटरसायकलवर आलेल्याला तर तसं जाऊच देऊ नकोस. मधुमेह जुना असला की बाहुली नीट मोठी होत नाही. मग थांबायचं, घाई करून लहान बाहुलीतूनच काळपट फोटो काढायचा नाही.

खरी कसोटी अँजिओची, म्हणजे शिरेतून रंग देऊन डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढायची. फ्लुरोसीन, म्हणजे तो रंग, हातातल्या शिरेत गेलं की दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोचतं. आधी धमन्या उजळतात, मग शिरा. हे भरणं एकदाच बघायला मिळतं आणि त्या वेळी कॅमेरा एकाच डोळ्यावर असतो. म्हणून सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, सुरुवात कुठल्या डोळ्यानं? नंतर विचारून उपयोग नाही, रंग तोवर पुढं गेलेला असतो. नंतरचे फोटो दहाएक मिनिटांपर्यंत चालतात, तेव्हा दोन्ही डोळे निवांत घेता येतात. ॲलर्जी, दमा, किडनीचा त्रास, बाई गरोदर आहे का, हेही आधीच विचारायचं. इमर्जन्सी ट्रे हाताशी आहे ना, ते तू स्वतः बघ, सिस्टरनं बघितलं असलं तरी. काहींना मळमळतं, तेव्हा "लांब श्वास घ्या, मामा, जाईल आत्ता" एवढं म्हणायला तोंड मोकळं ठेव. कातडी पिवळट दिसेल, लघवी दिवसभर गडद पिवळी होईल, हेही सांगून ठेव. नाहीतर माणूस कावीळ झाली म्हणून रात्रभर जागा.

ही तपासणी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये जगापुढं मांडली. पहिला डोळा अल्विसचाच होता, फोटो काढला नोव्होटनीनं. तुझ्याच वयाची पोरं. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून मध्येच सांगितली.

मोतीबिंदूमुळं फोटो धूसर आला तर तो कॉम्प्युटरवर उजळत बसू नकोस. "मोतीबिंदूमुळं धूसर" असं लिही आणि तसाच पाठव. लग्नाच्या अल्बमात नवरी गोरी करून देतात, चालतं. इथं डॉक्टर त्या फोटोवरून लेझर करायचं की नाही ते ठरवणार असतात, आणि तो घेताना ते तुझ्या खोलीत नसतात. उजवा-डावा तर दर वेळी तोंडानं म्हणून खात्री कर.

आता तुझ्या व्हॉट्सॲपबद्दल. "आई, हे काय आलंय बघ" म्हणून पाठवलेल्या फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि नंबर दिसतोय. मी डिलीट केला, तूही आत्ताच कर. मी आई असले तरी त्या बाईंची कुणी नाही. पुढं अडलं तर फोनवर तोंडी सांग. कडेची ती निळसर चंद्रकोर म्हणजे कुठला आजार नव्हे. कॅमेरा डोळ्यापासून बरोबर अंतरावर नव्हता. जॉयस्टिक किंचित मागं-पुढं कर, जाईल. तरी राहिली तर कॅमेरा बाहुलीच्या मधोमध आहे का बघ.

पहिली अँजिओ कधी ते कळव. आदल्या दिवशी रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा मी मोकळी असते.

तुझी,
आई