‘फ्रेश क्रीम’मधली उसनी गाणी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, “बाबा, तुमचं ते ‘फ्रेश क्रीम’ ऐकलं. चांगलं आहे, पण अर्धी गाणी दुसऱ्यांचीच आहेत की. मग त्यात एवढं काय?” तेवढ्यात तुझी बस आली आणि बोलणं तिथंच राहिलं. मला मात्र तो प्रश्न सोडवेना. फोनवर हे नीट सांगता यायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुझा हिशेब बरोबर आहे. ती ‘क्रीम’ या तिघांच्या रॉक बँडची तबकडी: एरिक क्लॅप्टन गिटारवर, जॅक ब्रूस बास गिटारवर, जिंजर बेकर ड्रमवर. डिसेंबर १९६६ मध्ये इंग्लंडात निघालेल्या त्या तबकडीवर दहा गाणी होती, त्यातली पाच उसनी. क्लॅप्टनची गिटार ऐकायला लोक तुटून पडत होते, पण त्याचं स्वतःचं तीत एकही गाणं नाही. गायलंयही त्यानं एकच, रॉबर्ट जॉन्सनचं ‘फोर अन्टिल लेट’, तेही हळू, जरा लाजत. जॉन्सन ब्लूजवाला; ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आणि ही पाचही उसनी गाणी तिथलीच.

पण मनू, ‘उसनं’ हा शब्द मला खटकला. तुझे आजोबा दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पेटीवर बसायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायचो. “बुवा, हा अभंग तुमचा का?” असं तिथं कधी कुणी विचारलं नाही. आज बुवांनी तो कसा लावला, कुठल्या चालीत नेला, मृदंगवाल्यानं कुठं हात सोडला, हेच बोलत लोक घरी जायचे. आणि शेवटच्या चरणात नाममुद्रा आली की आजोबा पेटीचा आवाज उतरवायचे. नाव स्पष्ट ऐकू आलं पाहिजे म्हणायचे. पुढं पुण्याला होस्टेलवर मित्रानं भरून दिलेली ‘फ्रेश क्रीम’ची कॅसेट मी लावली, तेव्हा माझे कान तिथंच घडलेले होते.

‘स्पूनफुल’पासून सुरू कर. (तुझ्या यादीत ते आहे ना, बघ. अमेरिकेतल्या आवृत्तीतून ते काढून त्याऐवजी ‘आय फील फ्री’ घातलं होतं. माझ्या मते तबकडीचा जीवच काढून घेतला.) गाणं लिहिलं विली डिक्सननं आणि १९६० मध्ये शिकागोत गायलं हाउलिन वुल्फनं, तीन मिनिटांच्या आत. या तिघांनी ते साडेसहा मिनिटं वाजवलंय. जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एकाच जुळणीवर, उभं आहे. गिटारचा दोन स्वरांचा तुकडा वरून खाली उतरतो, पुन्हा उतरतो. तानपुरा लावून बसल्यासारखा तो स्वर मागं आहेच. जॅक ब्रूस आधी दबून गातो, मग आवाज फाडतो. मधल्या भागात तिघंही सुटतात. गिटार वर चढत जाते, पण बास तिच्या मागून निमूट चालत नाही, ती वेगळीच वाट काढते आणि गिटारला आपल्या बाजूला ओढते. जिंजर बेकर त्या दोघांच्या मध्ये नुसता ठेका धरून बसत नाही, दोघांनाही चिथावतो. पाच-सहा जणांच्या बँडमध्ये एखादा क्षणभर गप्प बसला तरी खपतं. इथं माणसं तीनच, कुणी हात आखडला की भोक पडतं. म्हणून तिघंही मुख्य गायकासारखे वाजवतात. साथीला असा कुणी नाहीच. आणि एवढं भटकून झाल्यावर तिघं एकदम त्या दोन स्वरांवर येतात, तेव्हा मी आजही खुर्चीत सरळ होतो.

‘रोलिन् अँड टम्ब्लिन्’मध्ये तर बासच नाही. ब्रूस हार्मोनिका फुंकत गातो, सोबत गिटार आणि ड्रम. तिघांतली एक बाजू रिकामी ठेवून गाडी एवढ्या वेगानं पळते!

बेकर मूळचा जॅझवाला. पोरवयात त्याला सायकल शर्यतींचं वेड होतं, म्हणून असेल कदाचित, दोन्ही पायांनी दोन मोठे ड्रम वाजवायचा. शेवटचं ‘टोड’ जवळजवळ त्याचं एकट्याचंच. ते तुला लांबलं असेल. दोन-तीनदा ऐक, मग पाय आणि हात वेगवेगळे ऐकू यायला लागतात.

मला मुख्य सांगायचंय ते ‘आयम सो ग्लॅड’बद्दल. हे स्किप जेम्सचं. मिसिसिपीतल्या बेंटोनियाचा माणूस. १९३१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी पॅरामाउंट कंपनीसाठी त्यानं काही गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यात हे होतं. मंदीचे दिवस, तबकड्या खपल्या नाहीत, आणि हा माणूस संगीतातून जवळजवळ नाहीसा झाला. १९६४ मध्ये ब्लूजच्या नादी लागलेल्या तीन तरुणांनी त्याला शोधून काढलं ते ट्युनिका गावच्या एका इस्पितळात. दोन वर्षांनी लंडनमध्ये ‘क्रीम’ची ही तीन पोरं त्याचं गाणं वाजवतात आणि तबकडीवर त्याचं नाव छापतात. त्या नावामुळं त्याला गाण्याचे पैसे मिळाले आणि शेवटच्या आजारपणात ते कामी आले. १९६९ मध्ये तो गेला. आजोबा पेटीचा आवाज का उतरवायचे, ते मला हे वाचल्यावर नव्यानं कळलं.

सगळीकडं हे झालं नाही, तेही सांगतो. ‘कॅट्स स्क्विरल’ डॉक्टर रॉस नावाच्या ब्लूजवाल्याकडून आलं. तो अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये मोटारींच्या कारखान्यात कामाला होता आणि गिटार, हार्मोनिका, ड्रम एकट्यानं वाजवायचा. तबकडीवर मात्र ते ‘पारंपरिक’ म्हणून छापलं गेलं. हे मला आजही बोचतं. ‘रोलिन् अँड टम्ब्लिन्’ ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या नावावर आहे, पण १९२९ मध्येच हॅम्बोन विली न्यूबर्ननं ते ध्वनिमुद्रित केलं होतं.

आणि एक, तू ग्लासगोत आहेस म्हणून. जॅक ब्रूस तिथलाच, शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या बिशपब्रिग्जचा. ग्लासगोच्या संगीत अकादमीत तो चेलो शिकत होता. बाहेर जॅझ वाजवतो म्हणून तिथं बोलणी बसली आणि त्यानं अकादमी सोडली. बासवर तो स्वर ओढून गातो तसं वाजवतो ना, ते मला चेलोचंच वाटतं. बेकरशी त्याचं आधीच्या बँडपासून हाडवैर होतं, तरी बेकरनं नवा बँड काढायचं म्हटल्यावर क्लॅप्टननं ब्रूसच हवा म्हणून अट घातली. अडीच वर्षांच्या आत सगळं मोडलंही. पण अट बरोबर होती.

आता एवढं कर. हेडफोन लावून आधी स्किप जेम्सचं १९३१ चं ‘आयम सो ग्लॅड’ ऐक. वरच्या पट्टीतला आवाज आणि सुसाट धावणारी गिटार, बाकी काही नाही. लगेच या तिघांचं लाव. मध्ये उठू नकोस. मग हाउलिन वुल्फचं ‘स्पूनफुल’ आणि यांचं, तसंच.

रविवारी फोन करशील तेव्हा दोन्हींतलं कुठलं पुन्हा लावावंसं वाटलं ते सांग. स्किप जेम्सचं म्हणालीस तर मला फार बरं वाटेल. आईनं पाठवलेलं मेतकूट पोचलं का तेही कळव.

तुझा,
बाबा