शिरोळच्या पाणंदीतल्या पाटकरी तात्यांना, मनापासून थँक्यू

तात्या, नमस्कार. तुम्ही स्वतः फोनवर एवढं मोठं वाचत बसणार नाही हे माहितीये, पण तुमचा नातू म्हणाला मी वाचून दाखवतो, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण हल्ली सांगली, मिरज, कोल्हापूरकडून बरीच पोरं ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची रुंद टायरची सायकल, घेऊन तुमच्या टापूत यायला लागलीत, त्यांनाही कळायला पाहिजे की आपण ज्या पाणंदीतून, म्हणजे रानातल्या कच्च्या वाटेनं, मजेत सायकल मारतो ती कुणाच्या पायाखालची रोजची वाट आहे.

ज्यांना तात्या माहीत नाहीत त्यांना सांगतो. तात्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेचे पाटकरी आहेत. नदीवर जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर, तिथून मोटरनं पाणी उचलून पाईपनं रानात आणायचं, जागोजागी चेंबर आणि व्हॉल्व्ह, आणि आज कुणाच्या उसाला पाणी, उद्या कुणाच्या, ही सगळी पाळी पाटकऱ्याच्या हातात. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, त्यामुळे रात्री दोन वाजतासुद्धा हा माणूस हँडलला बॅटरी बांधून उसाच्या मधनं सायकलवर फिरत असतो. काळी बावीस इंची फ्रेमची सायकल, दांड्याचे ब्रेक, कॅरियरला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं खोरं आणि मागं लटकवलेले गमबूट. डोक्यापेक्षा उंच उसात, विंचूकाट्याच्या वाटेवर, अंधारात. आम्ही याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतो आणि त्यासाठी खास सायकल घेतो, तात्या तीस वर्षं कामाचा भाग म्हणून हेच करतायत.

आता त्या दिवसाचं. सांगलीतून पहाटे निघून अंकलीच्या पुलावरून उदगाव, शिरोळ, मग नरसोबाच्या वाडीला दर्शन, तिथून पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाड, आणि पुढे डांबरी सोडून पाणंदीनं राजापूर बंधारा करून खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जायचं असा बेत होता. रूट फार सुंदर आहे. अख्खा भाग सपाट, चढ म्हणजे पुलाचा तेवढाच, एका बाजूला कृष्णा आणि मध्ये मध्ये मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात वांगी, मिरच्या, कोथिंबीर, बाकी सगळा ऊस. जानेवारी महिना, तोडी चालू, फडातून निघालेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, आणि सगळीकडं वाडं (उसाचे हिरवे शेंडे) तोडल्याचा तो हिरवा गोडसर वास. ज्यांना वाटतं सपाट म्हणजे सोपं त्यांनी एकदा येऊन बघा, कारण सपाटीवर पाय सोडायला उतार मिळतच नाही, पॅडल थांबलं की सायकल थांबली. ऊस उभा असेल तर वारा लागत नाही पण पुढचं काही दिसत नाही, आणि तोडलेला फड आला की एकदम उघडं रान आणि समोरून वारा.

पाऊस जाऊन महिने झालेले, रस्ता कोरडा ठणठणीत, आणि एका वळणावर उसाच्या मधनं अचानक चिखल. पाऊस नाही तर चिखल कुठनं आला हेच कळेना. काळी माती कशी असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको, ओली झाली की फुगते आणि चिकटते ती सुटत नाही, वर त्यात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मिसळलेलं. दहा फुटांत दोन्ही चाकं फ्रेममध्ये जाम झाली, टायर 40 एमएमचा असला तरी फ्रेममधली जागा भरायला कितीसा वेळ लागतो, आणि पाचटाची एक लांब पट्टी चेनबरोबर मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणारा भाग) ओढली गेली आणि कट्ट करून हँगर मोडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हँगर म्हणजे गिअरचा डिरेलर ज्याच्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम आधी मोडेल असा बनवलेला असतो. पण फ्रेम वाचली तरी सायकल चालत नाही. मोबाईलला रेंज येऊन जाऊन, जवळचं गाव लांब.

तेवढ्यात तुम्ही आलात तात्या. "काय पावणं, कुठनं आलासा?" एवढंच विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता खांद्यावरचं खोरं खाली ठेवून सायकल माझ्या हातातनं घेतलीत. खुरप्याच्या टोकानं तुम्ही ज्या पद्धतीनं चिखल काढलात ना ते मी विसरत नाही, आधी टायरवरचा नाही, आधी फ्रेम आणि चाकाच्या मधला, चाक जरा फिरवायचं, पुन्हा काढायचं, डिस्कला खुरपं लागू न देता. ब्रेकची ती चकती तुम्ही पहिल्यांदाच बघत होता आणि तरी "ह्याला हात लावाय नको, तेलकट व्हईल" हे तुम्हीच म्हणालात. मग चेंबरच्या गळक्या व्हॉल्व्हखाली सायकल धुतली, सावकाश, जोराची धार बेअरिंगवर न मारता.

माझ्याकडं मल्टीटूल होतं त्यात चेन तोडायचा स्क्रू होता. मोडका डिरेलर काढून खिशात टाकला आणि चेन आखूड करून एकाच गिअरवर बसवायचं ठरवलं. मी कड्या मोजत होतो तर तुम्ही म्हणालात एक कडी ढिली राहू दे, लई ताणली तर खड्ड्यात तुटंल. आणि मागं मधल्या चकतीवर घ्यायला लावलीत म्हणजे चेन सरळ रेषेत राहील. बसवल्यावर चाक उचलून पॅडल फिरवलं, चेन एकदा किरकिरली आणि मग गप फिरायला लागली. खिद्रापूरपर्यंत आणि तिथून परत सांगलीपर्यंत ती तशीच टिकली.

पण खरी मदत त्याच्या पुढची आहे आणि पत्र त्यासाठी आहे. तुम्ही मला सांगितलंत की हा चिखल कशाचा. वरच्या रानात रात्रीपासून पाळी चालू होती, सरी भरून पाणी दंडातनं, म्हणजे पाण्याच्या चरातनं, पाणंदीत उतरलेलं. म्हणजे इथं रस्ता ओला की कोरडा हे आभाळ बघून कळत नाही, कुणाची पाळी चालू आहे त्यावरनं कळतं! सॅटेलाईटच्या नकाशात, रूटच्या ॲपमध्ये हे कुठंच नसतं, ते फक्त पाटकऱ्याला माहीत असतं. त्या दिवसापासून मी निघायच्या आदल्या रात्री तुम्हाला फोन करतो आणि तुम्ही कधी कंटाळा केला नाहीत. "खालच्या अंगाला पाणी हाय, वरनं जावा." "ओढ्याकडनं जाऊ नका, फड पेटवलाय." "आज ट्रॉल्या लई हायती, उशिरा निघा." दोन दोन वाक्यं, पण त्याच्यावर अख्खी राईड सुखाची होते.

आणि चोपण, म्हणजे क्षारानं खराब झालेलं, रान ओळखायला तुम्हीच शिकवलंत. शिरोळमध्ये क्षारपड जमीन मोठी आहे हे मी वाचलं होतं, की सपाट रान, निचरा नाही, वर्षानुवर्षं उसाला बदाबदा पाणी, मग खालची पातळी वर येते आणि पाण्याबरोबर क्षार वर येऊन पृष्ठभागावर बसतात. पण प्रत्यक्षात ते पांढरट फुगलेलं रान लांबून छान कडक दिसतं आणि चाक घातलं की भसकन आत जातं. तुम्ही म्हणालात जिथं ऊस पिवळा आणि बुटका, तिथली वाट धरायची नाही. सोपं आणि शंभर टक्के खरं. तुमच्याच मेव्हण्याच्या रानात जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकून निचरा केलाय ते दाखवायला नेलंत, शिरोळच्या दत्त कारखान्यानं ह्या कामात पुढाकार घेतला असं तुम्ही अभिमानानं सांगत होता, आणि जिथं काही उगवत नव्हतं तिथं पुन्हा ऊस उभा होता. मला ते खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाइतकंच बघण्यासारखं वाटलं, आणि स्वर्गमंडप म्हणजे बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम, गोल उघडं छत, खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघावं असं.

पुराचंही तुम्हीच सांगितलंत. 2005, 2019, 2021. पूर आला की आधी मोटरी वर काढायच्या, मग जनावरं हलवायची, आणि पाणी उतरल्यावर पाणंदीवरचा मुरूम गेलेला असतो आणि त्याच्या जागी गाळ. म्हणजे आम्ही ज्याला मस्त ग्रॅव्हल म्हणतो तो मुरूम गावानं पुन्हा पुन्हा टाकलेला आहे, कुणी वर्गणी काढून, कुणी स्वतःच्या ट्रॅक्टरनं. सरकारची पाणंद रस्त्यांची योजना मातोश्रींच्या नावानं 2021 ला आली, पण प्रत्येक पाणंद त्यात कधी बसणार. हे कळल्यावर त्या रस्त्यावरून जाताना वेगळंच वाटतं.

अमेरिकेत कॅन्सासमध्ये 2006 पासून ग्रॅव्हलची मोठी रेस होते, 200 मैलांची, तिथं चकमकीच्या धारदार दगडांनी टायर फाटतात म्हणतात. आपल्याकडं बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, उन्हाळ्यात सुकतं त्यामुळे मार्चनंतर येणाऱ्यांनी ते तपासून यावं, आणि हवा जरा कमीच ठेवावी, मी 35 पीएसआयच्या आसपास ठेवतो, वाळलेल्या चाकोरीत हात दुखत नाहीत. आणि फेब्रुवारी सरला की काळ्या रानात भेगा पडतात त्यात पुढचं चाक अडकतं, तेव्हा बांधाकडेच्या शॉर्टकटच्या नादाला लागू नका.

तात्यांनी माझ्याकडनं पैसे घेतले नाहीत. दोनदा देऊन बघितले, दोनदा खिशात परत आले. त्यांनी एवढंच मागितलं, तेच इथं लिहितो, जे जे कोणी जाणार असाल त्यांनी वाचा. बैलगाडी आली की सायकलवरनं उतरून कडेला थांबा, बैल त्या चमकत्या सायकलीला बुजतात आणि वर दोन टन ऊस असतो. ठिबकच्या नळ्या आडव्या दिसल्या तर सायकल उचलून पलीकडं न्या, चाक घालू नका. बांधावरनं सायकल चालवू नका. तोडणी करणारी माणसं बीडकडनं, लांबलांबनं आलेली असतात, त्यांचे, त्यांच्या पोरांचे विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि चेंबरला हात लावू नका, तुमच्या बाटलीसाठी व्हॉल्व्ह फिरला तर कुणाची तरी पाळी चुकते आणि ती पुन्हा कधी येईल याचा नेम नसतो.

तात्या, थँक्यू हा शब्द तुम्हाला परका वाटतो हे मला माहितीये, "त्यात काय एवढं" असंच म्हणाल. पण रानात एकटा अडकलेल्या अनोळखी माणसाचं काम आपलं काम सोडून करणं, आणि मग वर्षभर रात्री फोन उचलून त्याला वाट सांगणं, हे काही थोडंथोडकं नाही. मला ह्या नदीकाठाची जी काही ओळख झाली ती तुमच्यामुळं. घरी काकूंनाही सांगा, त्या दिवशीची वांग्याची भाजी आणि भाकरी फार गोड लागली होती.

तुमच्या सायकलीचं मागचं टायर पार गुळगुळीत झालंय हे मी मागच्या वेळी बघितलं. 28 बाय दीडचं नवीन टायर आणि ट्यूब सांगलीत घेऊन ठेवलंय, हे पैसे नाहीत त्यामुळे परत करायचं नाही. पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट असेल तर तुम्ही बंधाऱ्याकडच्या चेंबरला असाल ना, तिथंच येतो, बसवून देतो. पाना आणतो, फक्त येताना कुठनं यायचं ते आदल्या रात्री सांगा.